आक्षेप फोटोवर की फोटोखालच्या ओळीवर?

पत्राचा गोषवारा

देवळाली कॅम्पजवळ राहणाऱ्या एका माध्यमिक शिक्षिकेचं पत्र आहे. वडील तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, धाकटा भाऊ सध्या फौजेत आहे. पुराच्या मदतीला गेलेल्या तुकडीतल्या एका जवानाचा मोठा फोटो मध्यंतरी एका दैनिकात आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर ओला गणवेश, ट्रकच्या चाकाला टेकलेली पाठ आणि ओठांत सिगारेट. खाली ओळ होती: 'धुराचा झुरका, मर्दाचा बाणा'. भरतीची तयारी करणाऱ्या नववीच्या एका मुलानं ते कात्रण वर्गाच्या फलकावर लावलं, कुणीतरी त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि तिथून गदारोळ सुरू झाला. संपादकांनी माफी मागावी, जवानांचे असे फोटो पुन्हा छापू नयेत, अशा मागणीचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर पाठवायचं ठरलं. मराठी चांगलं म्हणून मसुदा बाईंकडे आला. तो त्यांनी घरी वडिलांना वाचून दाखवला. अण्णा एवढंच म्हणाले, "त्या पोराला त्या दिवशी जेवायला मिळालं होतं का, ते विचारलंत कुणी?" आणि उठून आत गेले. तेव्हापासून या विषयावर घरात कुणी बोललेलं नाही. अण्णांनी स्वतः ऐन उमेदीची सगळी वर्षं सिगारेट ओढली. आज त्यांना जिना चढवत नाही, घरात नेब्युलायझर आहे. बाई विचारतात: "मी कुणाचं ऐकू? पालकांचं चुकतंय असं वाटत नाही, कारण त्या सिगारेटीनं माझ्या वडिलांचं काय केलं ते मी रोज बघते. पण अण्णांसमोर त्या मसुद्यावर सही करायला हात धजत नाही."

उत्तर

ताई, पत्रासोबत मसुदा जोडलात हे बरं केलंत, नाहीतर मी हवेत बोलत बसले असते. दोनदा वाचला. मराठी खरंच चांगलं आहे. पण तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच वाक्यात इतक्या घट्ट बांधल्यात की वाचणाऱ्याला एकीला हो म्हणायचं तर तिन्हींना हो म्हणावं लागतं. मुलांवर वाईट संस्कार होतात, ही पहिली. भारतीय सैन्याची प्रतिमा मलिन होते, ही दुसरी. आणि धूम्रपानाचं उदात्तीकरण झालं, ही तिसरी. यातली एक मला पूर्ण पटते, एक अर्धी पटते आणि एक अजिबात पटत नाही.

(मला स्वतःला सिगारेटचा वास सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते ओढणाऱ्यांची बाजू घेण्यासाठी नाही.)

न पटणारी तक्रार आधी घेते, ती प्रतिमेची. चिखलात दिवसभर राबलेला माणूस दहा मिनिटं टेकला आणि त्यानं सिगारेट पेटवली, यात सैन्याची प्रतिमा कुठं मळली? ज्या घरात पाणी शिरलं होतं त्या घरातल्या बाईला विचारा. तिला त्याचे हात आठवतील, सिगारेट आठवणार नाही. आपल्या मनात फौजी म्हणजे २६ जानेवारीच्या संचलनातला: ताठ कणा, कडक इस्त्री, चकाकणारे बूट. तो खराच असतो, पण तासाभरापुरता. उरलेल्या वेळी तो घामेजलेला असतो, कंटाळलेला असतो, घरच्या फोनची वाट बघत असतो. देवळालीत राहणाऱ्या माणसाला हे मी सांगायची गरज नाही. तुमच्या लहानपणी अण्णा सुट्टीवर यायचे तेव्हा दारात उभा राहायचा तो माणूस तुम्ही पाहिलाय.

आणि एक गोष्ट मसुद्यात कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. शाळेच्या लेटरहेडवर, पाच-पन्नास सह्यांनिशी 'गणवेशातील जवानाचे अशोभनीय वर्तन' असं लिहून पत्र गेलं, त्याची प्रत तुमच्या मुख्याध्यापकांच्या इच्छेप्रमाणे 'संबंधित लष्करी अधिकाऱ्यांना' गेली, तर विचारणा कुणाकडे होईल? संपादकांकडे नव्हे, तर त्या पोराकडे. शिक्षा होईलच असं मी म्हणत नाही. पण आपल्या वरिष्ठांसमोर उभं राहून त्या एका सिगारेटीचा खुलासा त्याला द्यावा लागेल. त्यानं फोटो काढायला सांगितला नव्हता, ओळ लिहायलाही सांगितलं नव्हतं. अण्णा उठून आत गेले त्याचं एक कारण हे असू शकतं. फौजेत हयात काढलेल्या माणसाला कागद कुठून कुठं फिरतो ते बरोबर कळतं.

आता या भांडणाच्या इतिहासाकडे वळू. असा आक्षेप घेणारे तुम्हीच पहिले नाही.

२००४ च्या नोव्हेंबरात इराकमधल्या फलुजा शहरात तुंबळ लढाई चालली होती. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे छायाचित्रकार लुईस सिंको अमेरिकी मरीन सैनिकांच्या तुकडीसोबत होते. रात्रभराच्या लढाईनंतर त्यांनी वीस वर्षांच्या एका सैनिकाचा चेहरा टिपला. गालांवर काजळी आणि माती, नाकाजवळ रक्ताचा ओघळ, नजर कुठंतरी लांब, ओठांत सिगारेट. शंभराहून जास्त वर्तमानपत्रांनी तो फोटो छापला. 'न्यू यॉर्क पोस्ट'नं पहिल्या पानावर धुराच्याच नावानं मथळा दिला. सिगारेटच्या जाहिरातीतल्या घोडेस्वारावरून त्या मुलाला 'मार्लबोरो मॅन' म्हणायला सुरुवात झाली. आणि वाचकांची पत्रं आली. आमच्या मुलांसमोर सिगारेट ओढणारा नायक का ठेवता, अशी त्यातल्या काहींची तक्रार होती. हुबेहूब तुमच्या ग्रुपसारखी.

त्या फोटोत युद्ध होतं. एका कोवळ्या पोराच्या डोळ्यांत रात्रभर जे साचलं होतं ते होतं. पत्र लिहिणाऱ्यांना मात्र दोन बोटांएवढी कागदाची नळी दिसली. वर्षभरात तो मुलगा मनावरच्या आघातामुळे नोकरीतून बाहेर पडला. झोप नाही, कशात लक्ष नाही, संसाराची परवड. ज्या सिंकोंनी फोटो काढला तेच पुढे त्याला उपचार मिळावेत म्हणून धडपडत राहिले.

पण त्या पत्रलेखकांना मी सरसकट मोडीत काढणार नाही. त्यांच्या रागात एक खरा मुद्दा होता, तो चुकीच्या जागी पडला. सिगारेट ओढणं हे त्या सैनिकाचं स्वतःचं होतं. 'मार्लबोरो मॅन' हे टोपणनाव त्याचं नव्हतं. एका थकलेल्या माणसाला फुकटची जाहिरात करून टाकलं ते इतरांनी, त्यांच्या मथळ्यांनी. तुमच्या बाबतीतही हेच झालंय. फोटोत तुमच्या नाशिकच्या दैनिकाचा दोष शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. दोष आहे तो त्या ओळीत. 'धुराचा झुरका, मर्दाचा बाणा' हे त्या जवानाच्या तोंडचं वाक्य नाही. कुणा उपसंपादकानं रात्री पान लावायच्या घाईत यमक जुळवलं आणि झुरक्याची गाठ मर्दानगीशी मारून दिली. आक्षेप घ्यायचा तर तिथं घ्या, आणि कडक घ्या. तुमची 'उदात्तीकरण' ही तक्रार मला पूर्ण पटते ती एवढ्याचसाठी.

संस्कारांची तक्रार अर्धी पटते म्हटलं. का, ते सांगते. पडद्यावर धूम्रपान बघून कोवळ्या वयातली मुलं ते सुरू करतात, हा केवळ आईबापांचा संशय नाही. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, यांच्या २०१२ च्या अहवालानं सिनेमातलं धूम्रपान आणि मुलांचं धूम्रपान यांत कार्यकारणसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला. आपल्याकडेही २०१२ पासून सिनेमात आणि मालिकेत कुणी सिगारेट पेटवली की खाली इशारा झळकतो, २०२३ पासून ओटीटीलाही तो नियम लागू झाला. मग हाच न्याय बातमीच्या फोटोला का नाही? कारण सिनेमात सिगारेट कुणीतरी ठरवून पात्राच्या हातात दिलेली असते. दिग्दर्शक ती काढून घेऊ शकतो, कथा फारशी बिघडत नाही. बातमीच्या फोटोत ती तिथं होती म्हणून आहे.

तुमच्या ग्रुपवर एका पालकानं सुचवलं की 'निदान सिगारेट ब्लर तरी करायची'. वरवर पाहता मधला मार्ग वाटतो. पण हा मार्ग कुठं जातो ते बघा. ज्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं फलुजाचा फोटो छापला, त्याच पत्रानं त्याच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये, ब्रायन वॉल्स्की नावाच्या आपल्या छायाचित्रकाराला नोकरीवरून काढलं होतं. इराकमधलेच दोन फोटो संगणकावर जोडून त्यानं एक जास्त परिणामकारक फोटो केला होता, एवढाच गुन्हा. दुसरीकडे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २००५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ-लेखक सार्त्रच्या जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी त्याचा जुना फोटो घेतला आणि बोटांतली सिगारेट पुसून टाकली. हेतू चांगलाच होता, पण हसं झालं. आज चांगल्या हेतूनं सिगारेट पुसायची मुभा दिली, तर उद्या त्याच फोटोतला फाटका बूट कुणीतरी पुसेल, परवा चिखल. मग पुरात जवानांना काय हालात काम करावं लागलं ते आपल्याला कुठून कळणार? फोटोत सिगारेटच्या कंपनीचं पाकीट ठळक दिसत असतं तर गोष्ट वेगळी होती. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि तिथं मी तुमच्याबरोबर सही केली असती. पण पाकीट दिसत नाही असं तुम्हीच लिहिलंय.

अण्णांकडे येण्याआधी थोडी मागं जाते, कारण त्यांचा राग नीट समजायचा तर फौजीच्या हातात सिगारेट कुणी दिली हे बघायला हवं.

१९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावानं आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डब्या भेट गेल्या. ब्रिटिश सैनिकाच्या डबीसोबत पाइपची तंबाखू आणि वीस सिगारेटी होत्या. भारतातून फ्रान्सच्या थंडीत नेलेल्या आपल्या माणसांसाठी वेगळी योजना होती. गुरख्यांना ब्रिटिशांसारखंच, शिखांना तंबाखू वर्ज्य म्हणून खडीसाखर आणि मसाल्याचा डबा, आणि बाकीच्या भारतीय सैनिकांना सिगारेटींचं पाकीट, खडीसाखर आणि मसाले. कुणाच्या धर्मात काय चालतं याचा इतका बारीक विचार करणाऱ्या लोकांनीही उरलेल्यांना सिगारेट द्यावी की नाही हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. सैनिकाला तंबाखू देणं ही त्या काळी माया होती. अमेरिकी सैन्यात तर जेवणाच्या शिध्यासोबत सिगारेटी मिळायच्या, त्या १९७५ मध्ये बंद झाल्या. म्हणजे पिढ्यान् पिढ्या सरकारनं, राजघराण्यानं, पुढाऱ्यांनी आणि घरच्यांनीसुद्धा फौजीला सिगारेट पाठवली. आता त्याच्या ओठांत ती दिसली की आपण दचकतो आणि त्यालाच जाब विचारतो.

याचा अर्थ सिगारेटनं त्याचं भलं होतं असा नाही. ताण हलका झाल्यासारखा वाटतो तो बव्हंशी निकोटिनची तलफ शमल्यामुळे, तलफही त्याच सिगारेटनं लावलेली असते. थंडीत निकोटिननं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बर्फात उभ्या राहणाऱ्याला हे फार महागात पडतं. जखम भरायला वेळ लागतो. फौजेतले डॉक्टर हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. पण हे सांगायचं ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून. वर्तमानपत्रात माफी मागायला लावून नव्हे.

ताई, आता थोडं बोचणारं लिहिते. ज्या ग्रुपवर हा गदारोळ झाला, त्यातल्या किती जणांच्या खिशात चुन्याची डबी आहे?

राज्याचं चित्र असं. प्रौढांच्या तंबाखू-वापराचं जे देशव्यापी सर्वेक्षण २०१६-१७ मध्ये झालं, त्यात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे शंभरात जेमतेम चार निघाले. न ओढता तंबाखू घेणारे, म्हणजे मळणारे, चघळणारे, मिश्री लावणारे, जवळपास चोवीस. आपल्या पोरांना धोका धुरातून जितका आहे त्याच्या कितीतरी पट तळहातावरून आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो मिळतो कुठं हे नववीच्या मुलाला विचारा, पत्ता सांगेल. पहिल्या पानावरची सिगारेट दिसते कारण ती अनोळखी माणसाच्या ओठांत आहे. काकांचा बार आणि आजीची मिश्री घरच्या सामानासारखी, रोज दिसते म्हणून दिसेनाशी झालेली.

शिवाय आपण नाशिक जिल्ह्यात राहतो. सिन्नरच्या विड्यांवर कितीतरी घरं उभी राहिली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेलं पान फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडून दोरा गुंडाळायचा, आणि हे दिवसाला हजाराच्या हिशेबानं. त्या पैशांतून पोरांच्या वह्या आल्या. तुमच्या वर्गात एखाददुसऱ्याची आजी नक्की विड्या वळत असेल. 'तंबाखू म्हणजे कलंक' असं शाळेच्या लेटरहेडवर लिहाल तेव्हा ते पोर काय ऐकेल याचाही विचार करा. तंबाखू वाईट आहे हे सांगायलाच हवं. ती ज्यांच्या हातून गेली ती माणसं वाईट नाहीत, हेही त्याच तासाला सांगायला हवं.

मग करायचं काय?

मुख्याध्यापकांना सांगा की मसुदा मीच लिहीन, पण हा नाही. बाई म्हणून हुकूम पाळणं वेगळं आणि आपल्या नावानं, आपल्या भाषेत एखादी गोष्ट लिहिणं वेगळं. नवा मसुदा लहान असू द्या. माझ्या मते तो साधारण असा असावा:

'आपल्या दैनिकात मदतकार्यातील जवानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. छायाचित्राबद्दल आमची तक्रार नाही. त्याखालील ओळीत मात्र धूम्रपानाचा संबंध मर्दपणाशी जोडला आहे. आमच्या शाळेत सैन्यभरतीची तयारी करणारी मुले आहेत आणि ती ही ओळ पाठ करीत आहेत. ही ओळ का लिहिली गेली याचा विचार व्हावा आणि यापुढे अशा छायाचित्राखाली जवान कोणते काम करून थांबला आहे, किती वेळ ते काम चालू होते, ही माहिती द्यावी. त्याची ओळख छापण्यापूर्वी त्याची संमती घेतली जावी.'

बस. माफीची मागणी नाही, लष्कराला प्रत नाही, 'अशोभनीय' हा शब्द नाही. असं पत्र कुठलाही बरा संपादक छापेल, कारण त्यात त्याला उत्तर देता येण्यासारखं काहीतरी आहे. 'जाहीर निषेध' म्हणून आलेली पत्रं कुठं जातात ते वेगळं सांगायला नको.

ग्रुपवर कुणी प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जायची भाषा करतंय असं तुम्ही लिहिलंय. जरूर जाता येतं. आधी संपादकांना लेखी कळवावं लागतं, त्यांनी दाद दिली नाही तर दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. टीव्ही वाहिन्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं काहीही त्यांच्या कक्षेत येत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की हे प्रकरण तिथपर्यंत नेण्यासारखं नाही. एका फुटकळ यमकासाठी तोफ कशाला डागायची?

ज्यांचा जोर अजून शिल्लक राहील त्या पालकांना एक काम द्या. शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड, म्हणजे साधारण नव्वद मीटर मोजा. त्या अंतरात तंबाखू विकायला २००३ च्या त्याच कायद्यानं मनाई आहे, अठराच्या आतल्यांना तर कुठंच विकता येत नाही. त्या नव्वद मीटरात टपरी असेल तर महापालिकेला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या, त्याच सह्यांनिशी. सह्या किती उरतात ते बघायला मला आवडेल. टपरीवाला ओळखीचा असतो, संपादक नसतो.

कात्रण लावणाऱ्या त्या मुलाला कुणी विचारलं का, की बाबा, का लावलंस? तुमच्या पत्रात त्याचं उत्तर नाही, म्हणून विचारते. माझा अंदाज, त्यानं ते सिगारेटीसाठी लावलंच नसणार. गणवेशासाठी लावलं असेल, चिखलासाठी लावलं असेल. सिगारेटीकडे त्याचं लक्ष मोठ्यांच्या आरडाओरड्यानं वेधलं. त्याच्याशी बोलताना कॅन्सरपासून सुरुवात करू नका. पंधराव्या वर्षी साठीतला आजार म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी आजार. त्याच्याशी सोळाशे मीटरबद्दल बोला. भरतीला ते धावावं लागतं आणि तिथं सेकंदांवर गुण जातात. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, तिसऱ्या फेरीला छाती भरून येते ती त्यामुळे. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणाऱ्या कुठल्याही पोराला हे चटकन पटतं. कात्रण फलकावर परत लावा असंही मी सुचवेन, खालची ओळ कापून. मग वर्गाला सांगा, तुम्ही ओळ लिहा. काय लिहितात बघा आणि त्यातल्या दोन-चार संपादकांच्या पत्राला जोडा.

आता अण्णा. त्यांना मी शेवटी ठेवलं, पण तुमचं पत्र खरं त्यांच्याबद्दलच आहे असं मला वाटतं.

तुम्ही मसुदा वाचून दाखवलात तेव्हा त्यांना त्यात तो अनोळखी जवान ऐकू आला नसणार. 'गणवेशात धूम्रपान करणारे हे तरुणांपुढे चुकीचा आदर्श ठेवतात', हे वाक्य लेकीच्या तोंडून ऐकताना त्यांना ते स्वतःलाच उद्देशून वाटलं असेल. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. पण रोज त्यांचं धापा टाकणं बघताना मनात राग असतो हेही तुम्ही कबूल केलंय: "आधीच सोडली असती तर". हा राग रास्त आहे. मायेतूनच येतो. फक्त त्याचा पत्ता चुकला, तो संपादकांच्या पत्रात जाऊन बसला. पालकांचं ऐकू की अण्णांचं, अशी निवड तुम्ही स्वतःपुढे ठेवलीत, ती मला खरी वाटत नाही. तंबाखूचा तिटकारा आणि त्या जवानाबद्दल आदर, दोन्ही एका माणसात राहू शकतं. अण्णांच्यातच राहत असेल. विचारून बघा.

मसुदा मधे न आणता विचारा. फोटो समोर ठेवा आणि म्हणा, अण्णा, हा असा बसलाय, म्हणजे नेमकं काय झालं असेल? ते बोलतील. कदाचित पहिली सिगारेट कुणी दिली तेही सांगतील. मध्येच 'बघा, म्हणून सांगत होते' असं तोंडून निसटू देऊ नका. आणि ते बोललेच नाहीत तर तेही चालवून घ्या, पुन्हा कधीतरी बोलतील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचाराच: अजून लपून ओढतात का? नेब्युलायझर असलेल्या घरांत हे सर्रास चालतं. गच्चीवर, संडासात, 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून. ओढत असतील तर या वयात सोडून काय उपयोग, असं त्यांना वाटेल. उपयोग आहे. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण उरलेलं झिजण्याचा वेग कमी होतो, कुठल्याही वयात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. त्यांचे फुफ्फुसांचे डॉक्टर असतील तर निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्यांबद्दल त्यांनाच विचारा, स्वतःच्या मनानं आणू नका.

त्यांना शाळेत बोलवावं, मुलांसमोर बोलू द्यावं, असं तुमच्या मनात आलंय. कल्पना चांगली आहे, धोका एकच: त्यांना 'बघा मुलांनो, तंबाखूनं काय होतं' याचा नमुना म्हणून उभं करू नका. सुभेदार म्हणून बोलवा. तोफेबद्दल, पुराबद्दल, बदल्यांबद्दल बोलू द्या. बोलताना दम लागला की ते थांबतील, पोरं बघतीलच, आणि कुणीतरी विचारेलही. उत्तर काय द्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. नाही म्हणाले तर आग्रह नको.

असं पत्र दुसऱ्या गावाहून, पोलिसाच्या, अग्निशमन दलाच्या माणसाच्या किंवा रात्रपाळी संपवून बाहेर आलेल्या निवासी डॉक्टरच्या फोटोवरूनही येऊ शकतं. त्यांनाही मी हेच विचारेन: फोटोत जे दिसतंय ते त्या माणसानं केलंय की छापणाऱ्यानं? आणि तुमच्या पत्राचा भार शेवटी कुणाच्या डोक्यावर पडेल?

आणखी एक, विसरण्याआधी. जुन्या मसुद्याच्या शेवटी तुम्ही 'एका जवानाची बहीण या नात्याने' असं लिहिलंय. नव्या पत्रातून ते वगळा. भाऊ नोकरीत आहे, या भानगडीत त्याचा उल्लेखही नको. आणि पत्र पाठवण्याआधी त्याला फोन करून सगळं सांगून ठेवा, म्हणजे त्याच्या युनिटमध्ये कुणाच्या मोबाइलवर ते फिरलंच तर तो बेसावध सापडायचा नाही.